‘ऑब्लाइज’ म्हणजे उपकार की बंधन? अर्ज लिहिण्याआधी आणि जामीनदार म्हणून सही करण्याआधी समजून घ्या

नरसी नामदेव (ता. हिंगोली) : मागच्या जूनमध्ये, ऐन पेरणीच्या घाईत, ओळखीचे एक मामा सकाळीच घरी आले. नातीच्या प्रवेशासाठी उत्पन्नाचा दाखला काढायचा होता. मी बातम्या पाठवतो म्हणून गावातले बरेच जण अर्ज लिहून घ्यायला माझ्याकडे येतात. मामा म्हणाले, "भाऊ, असा लिही की साहेबाचं मन द्रवलं पाहिजे. आन् खाली ते इंग्रजीतलं ऑब्लाइज का काय असतंय ना, तेबी टाक."

मी अर्ज लिहून दिला. शेवटी ‘आपला आभारी राहीन, कृपया उपकृत करावे’ असंही लिहिलं. पण नंतर बियाण्याच्या पिशव्या उतरवताना तो शब्द डोक्यातून जाईना. दाखला देणं हे साहेबाचं कामच आहे. त्यासाठी त्याचं मन कशाला द्रवायला पाहिजे? आणि कामाला उपकार का म्हणायचं?

आपल्यापैकी बहुतेकांनी हा शब्द शाळेत रजेच्या अर्जात पाठ केला. ‘प्लीज ग्रँट मी लीव्ह फॉर टू डेज अँड ऑब्लाइज.’ मला दोन दिवसांची रजा द्यावी आणि उपकृत करावे. मार्क मिळाले, अर्थ राहून गेला. आज हाच शब्द बँकेच्या कागदावर येतो, कोर्टात येतो, पुढाऱ्यांच्या बोलण्यात येतो, आणि प्रत्येक ठिकाणी त्याचा अर्थ थोडा वेगळा असतो. तो फरक कळला नाही तर कधी नुसती लाचारी पदरात पडते, तर कधी थेट कर्ज. म्हणून ही माहिती.

शब्दाचा मूळ अर्थ : दाव्याला बांधणे

आपण ‘ऑब्लाइज’ म्हणतो. इंग्रज माणूस पहिलं अक्षर हलकं करून ‘अब्लाइज’ असा उच्चार करतो. हा शब्द लॅटिन भाषेतल्या ‘ऑब्लिगारे’ या क्रियापदापासून आला. त्यातल्या ‘लिगारे’चा अर्थ बांधणे. फ्रेंच भाषेतून तो साधारण सातशे वर्षांपूर्वी इंग्रजीत आला.

हाडाला हाड बांधून ठेवणाऱ्या पट्ट्याला डॉक्टर ‘लिगामेंट’ म्हणतात, तो शब्द याच मुळाचा. बँकेच्या कागदावर ‘लायेबल’ म्हणजे देणं लागणारा, असा शब्द असतो, तोही याच घरातला. रोमन सम्राट जस्टिनियन याच्या काळात, इ.स. ५३३ मध्ये कायद्याचं जे पुस्तक तयार झालं, त्यात ‘ऑब्लिगेशन’ची व्याख्या करतानासुद्धा कायद्याने बांधलेली गाठ अशीच कल्पना वापरलेली आहे.

मराठीतही दोरी तीच आहे. ‘बांधील’, ‘बंधन’, ‘बांधिलकी’, ‘ऋणानुबंध’ हे सगळे शब्द बांधण्यावरूनच आले. कुणी अडचणीत मदत केली तर आपण म्हणतो, ‘त्यानं मला उपकारानं बांधून ठेवलं.’

म्हणजे ‘ऑब्लाइज’ या शब्दात माणूस कशाने तरी बांधला जातो. प्रश्न एवढाच, की दोरी कशाची? कायद्याची, अडचणीची, उपकाराची, की नुसत्या भिडेची?

इंग्रजीत हा शब्द कसा वापरतात?

१) कायद्याने किंवा नियमाने बांधणे. ‘द लॉ ऑब्लाइजेस द ऑफिसर टू रिप्लाय.’ अधिकाऱ्याने उत्तर देणं कायद्याने बंधनकारक आहे. इथे उपकाराचा संबंध नाही.

२) परिस्थितीने भाग पडणे. ‘ही वॉज ऑब्लाइज्ड टू सेल हिज बुलक्स.’ त्याला बैल विकणं भाग पडलं. कायद्याने सांगितलं नव्हतं, पण दुसरा रस्ता उरला नव्हता. दुष्काळ पाहिलेल्या माणसाला हा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

३) एखाद्याचं काम करून देणे, उपकार करणे. ‘प्लीज ऑब्लाइज मी बाय साइनिंग धिस.’ एवढी सही करून माझ्यावर उपकार करा. गायकाने लोकांच्या आग्रहाखातर आणखी एक गाणं म्हटलं तरी ‘ही ऑब्लाइज्ड विथ अनदर साँग’ असं म्हणतात. रजेच्या अर्जातलं ‘ऑब्लाइज’ याच प्रकारातलं.

४) आभारी असणे. ‘आय ॲम मच ऑब्लाइज्ड टू यू.’ मी आपला फार आभारी आहे. आपल्याकडच्या कोर्टात न्यायाधीशांनी म्हणणं मान्य केलं, की वकील ‘ऑब्लाइज्ड’ म्हणून मान लववतात, ते हेच.

याच कुळातले आणखी शब्द लक्षात ठेवण्यासारखे आहेत. ‘ऑब्लिगेशन’ म्हणजे बंधन किंवा देणं. ‘ऑब्लिगेटरी’ म्हणजे सक्तीचं. ‘ऑब्लायजिंग’ म्हणजे मदतीला तयार असणारा, अडल्यानडल्याला धावून येणारा माणूस. म्हणजे एकाच मुळापासून सक्तीचा शब्द निघाला आणि चांगुलपणाचाही.

‘ड्यूटी’ आणि ‘ऑब्लिगेशन’ यांतही फरक आहे. ‘ड्यूटी’ म्हणजे कर्तव्य. ते पदामुळे, नात्यामुळे किंवा नागरिक म्हणून आपोआप येतं. आपल्या संविधानात १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने कलम ५१-क घालून मूलभूत कर्तव्यं सांगितली, तिथे ‘ड्यूटीज’ हाच शब्द आहे. ‘ऑब्लिगेशन’ बहुतेक वेळा काहीतरी घडल्यावर अंगावर येतं. करार केला, सही केली, पैसे घेतले किंवा शब्द दिला, की ते सुरू झालं. बोलताना दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी येतात, पण कागदावर फरक पडतो.

पोर्तुगीज भाषेत तर ‘थँक यू’ म्हणायलाच हा शब्द वापरतात. पुरुष ‘ओब्रिगादो’ म्हणतो, बाई ‘ओब्रिगादा’ म्हणते. अर्थ, मी तुमच्याशी बांधला गेलो, बांधली गेले. गोव्यात १५१० ते १९६१ पर्यंत पोर्तुगीजांचं राज्य होतं, तिथे हा शब्द साडेचारशे वर्षं कानावर पडत होता. पण कोकणी माणूस आभार मानताना ‘देव बरें करूं’ म्हणतो. आपल्याकडची म्हातारी माणसंही ‘देव तुझं भलं करो’ म्हणतात. त्यात स्वतःला बांधून घेणं नाही. उपकाराची परतफेड देवावर सोपवून मोकळं होणं आहे.

आपल्या मराठीत याला काय म्हणतात?

एकच मराठी शब्द सगळीकडे चालत नाही. प्रसंग पाहून शब्द घ्यावा लागतो.

बंधनकारक : कायदा किंवा नियम असेल तिथे.

भाग पडणे : इलाज नसेल तिथे.

बांधील : शब्द दिला असेल किंवा एखादं तत्त्व मानलं असेल तिथे. ‘मी माझ्या शब्दाला बांधील आहे.’

आभारी, ऋणी : मनापासून उपकार मानायचे असतील तिथे. त्या ऋणातून मोकळं होणं म्हणजे ‘उतराई होणे’.

उपकृत : कागदावरचा शब्द. बोलताना कुणी वापरत नाही.

मिंधा : उपकाराखाली दबलेला. हा शब्द इंग्रजीपेक्षाही नेमका आहे. ‘मी कुणाचा मिंधा नाही’ असं माणूस ताठ मानेने म्हणतो. आभारी माणूस वर बघून बोलतो, मिंध्या माणसाची मान खाली असते. उपकार तोच, पण करणाऱ्याने तो वारंवार बोलून दाखवला की घेणारा आभारी राहत नाही, मिंधा होतो.

भीड : कायदा नाही, उपकारही नाही, तरी नाही म्हणता येत नाही. ‘भीड भिकेची बहीण’ ही म्हण आपल्या माणसांनी अनुभवातूनच काढली असणार.

मराठी बोलण्यात ‘ऑब्लाइज करणे’ला अलीकडे पाचवाच अर्थ चिकटला आहे. ‘कार्यकर्त्यांना ऑब्लाइज करावं लागतं’, ‘त्याला ते काम देऊन ऑब्लाइज केलं’ असं ऐकू येतं. म्हणजे नियमात बसत नसताना, किंवा दुसऱ्याचा हक्क डावलून, आपल्या माणसाची सोय लावणे. इंग्रजी शब्द वापरला म्हणजे गोष्ट जरा सभ्य वाटते. मराठीत याला वशिला म्हणतात.

अर्जातली लाचारी कुठून आली?

आपला मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. अर्ज, दाखल, तहसील, मेहेरबानी हे फारसी-अरबीतून आलेले शब्द आजही आपल्या तोंडात आहेत. जुन्या वळणाच्या अर्जात वर ‘मे. तहसीलदार साहेब यांचे सेवेशी’ असं असतं. कोर्टाच्या कागदातही ‘मे. कोर्ट’ लिहितात. यातलं ‘मे.’ म्हणजे मेहेरबान. दया करणारा.

तिकडे इंग्रजी अमलात ‘काइंडली ऑब्लाइज’ होतं, इकडे मेहेरबानी होती. दोन्हीकडे मांडणी एकच. वर बसलेला देणारा, खाली उभा असलेला मागणारा. राजाच्या काळात ते बरोबरही होतं, कारण राजाने दिलं तर दिलं, नाही दिलं तर विचारणार कोण?

राज्य गेलं, पण अर्जाचा मायना तसाच राहिला. अदबीने लिहिण्यात चूक काही नाही. ‘विनंती’ हा चांगला शब्द आहे. चूक तेव्हा होते, जेव्हा मायन्यामुळे आपल्यालाच वाटू लागतं की समोरचा उपकार करतोय. मग आपण पोच मागत नाही, मुदत विचारत नाही, अपील करत नाही. उपकाराला कुठं पोच मागतात?

जिथे उपकार नाही, बंधन आहे

माहिती अधिकार कायदा २००५ उघडून पाहा. त्यातल्या कलम ४ चा विषयच सरकारी कार्यालयांची ‘ऑब्लिगेशन्स’ हा आहे. मराठी कायद्यात त्याला ‘आबंधने’ असा शब्द आहे. कार्यालयाने आपली कामं, अधिकार, नियम, अनुदान घेणाऱ्यांची माहिती कुणी मागण्याआधीच स्वतःहून जाहीर करायची आहे. अर्ज केल्यावर साधारणपणे ३० दिवसांत माहिती द्यायची किंवा कारण देऊन नाकारायची. माणसाच्या जिवाचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तासांत. आणि कलम ६(२) प्रमाणे अर्जदाराने माहिती कशासाठी हवी हे सांगण्याची गरज नाही. म्हणजे मन द्रवायचा प्रश्नच ठेवलेला नाही.

दुसरा कायदा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५. तो २८ एप्रिल २०१५ पासून लागू आहे. कोणती सेवा, किती दिवसांत, किती फी घेऊन, कोणता अधिकारी देणार, हे कार्यालयाने अधिसूचित करून फलकावर लावायचं आहे. सेवा देणाऱ्याला ‘पदनिर्देशित अधिकारी’ म्हणतात. अर्ज दिला की पोच मिळाली पाहिजे. मुदतीत सेवा मिळाली नाही किंवा नाकारली, तर ३० दिवसांच्या आत पहिलं अपील करता येतं. त्यानंतर दुसरं अपील, आणि त्यानंतर राज्य सेवा हक्क आयोग. योग्य कारण नसताना सेवा दिली नाही तर अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आयोगाचं ब्रीदवाक्यच ‘आपली सेवा, आमचे कर्तव्य’ असं आहे.

आपल्या राज्याने ही गोष्ट त्याही आधी एकदा केली होती. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीची कामं निघाली आणि १९७७ मध्ये त्याचा कायदा झाला. त्या कायद्याच्या नावात ‘मदत’ नाही, ‘हमी’ आहे. दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या आपल्या माणसांना काम मिळणं हा सरकारचा उपकार राहिला नाही, हक्क झाला. शब्द बदलला की नातं बदलतं, याचं याहून मोठं उदाहरण आपल्या भागात दुसरं नाही.

मग अर्ज कसा लिहावा? नम्रपणेच लिहावा. पण शेवटची ओळ ‘कृपया उपकृत करावे’ ऐवजी अशी लिहावी : ‘सदर सेवा विहित मुदतीत मिळावी व अर्जाची पोच द्यावी, ही विनंती.’ यात उद्धटपणा काही नाही. समोरच्याला कळतं, की मागणाऱ्याला मुदत माहीत आहे.

जिथे उपकार म्हणून सही करतो आणि बंधन होऊन बसतं

आता याच्या उलटी बाजू. आपल्या गावांत जास्त घरं इथेच अडचणीत येतात.

काही वर्षांपूर्वी एका मित्राने ट्रॅक्टरसाठी कर्ज काढलं. जामीनदार म्हणून माझी सही मागितली. म्हणाला, "नुसती सही लागते, बाकी काही नाही. एवढं ऑब्लाइज कर." लहानपणापासूनची दोस्ती. मी कागद न वाचता सही केली. पुढे दोन हंगाम मागेपुढे झाले, त्याचे हप्ते थकले आणि नोटीस माझ्या नावाने आली. पोस्टमनने ती हातात दिली तेव्हा आईने विचारलं, "आपण कधी घेतलं रे ट्रॅक्टर?" उत्तर काय देणार?

कायदा काय सांगतो ते मी त्यानंतर शिकलो. भारतीय करार कायदा १८७२ चा आहे. त्याचं कलम १२६ हमीच्या कराराचं. कर्जदाराने फेडलं नाही तर मी फेडीन, असं वचन म्हणजे जामीन. कलम १२८ सांगतं, की करारात वेगळं काही ठरलेलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. थोडी कमी नाही, नंतरची नाही, तेवढीच. ‘आधी त्याच्याकडून वसूल करा, मग माझ्याकडे या’ असं साधारणपणे म्हणता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने बँक ऑफ बिहार विरुद्ध दामोदर प्रसाद या खटल्यात हेच सांगितलं आहे.

म्हणजे सही करताना आपण तिसऱ्या अर्थाचं ‘ऑब्लाइज’ करत असतो, उपकार. शाई वाळली की ते पहिल्या अर्थाचं होतं, कायद्याचं बंधन. मित्रावर केलेला उपकार मित्र विसरू शकतो. कागद विसरत नाही.

तरी जामीनदाराला काहीच आधार नाही असं नाही. हे चार मुद्दे माहीत असावेत.

कलम १३३ : जामीनदाराला न विचारता बँक आणि कर्जदार यांनी कराराच्या अटी बदलल्या, तर त्या बदलानंतरच्या व्यवहारांपुरता जामीनदार मोकळा होतो. मात्र बँकेच्या छापील कागदात अशा बदलाला आधीच संमती लिहून घेतलेली असू शकते. म्हणून बारीक अक्षर वाचावं.

कलम १३० : एकामागून एक अनेक व्यवहारांसाठी दिलेली हमी, उदाहरणार्थ दुकानाच्या उधारीसाठी दिलेली, पुढच्या व्यवहारांपुरती नोटीस देऊन मागे घेता येते. झालेल्या व्यवहारांची जबाबदारी राहतेच.

कलम १४० : जामीनदाराने देणं फेडलं, तर बँकेला कर्जदाराविरुद्ध जे हक्क होते ते जामीनदाराकडे येतात.

कलम १४५ : जामीनदाराने रीतसर भरलेली रक्कम भरून देण्याचं वचन कर्जदाराने दिलेलंच आहे असं कायदा धरतो. म्हणून जी रक्कम भराल तिची पावती आपल्या नावाची घ्या आणि सांभाळून ठेवा.

प्रत्यक्ष नोटीस हातात पडली असेल तर हा लेख वाचून थांबू नका. कागद घेऊन वकिलाला दाखवा. ज्यांना खर्च परवडत नाही, त्यांच्यासाठी जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असतं.

कायदा उपकाराला काय मानतो?

याच करार कायद्याचं कलम ७० वाचण्यासारखं आहे. एखाद्याने दुसऱ्यासाठी कायदेशीरपणे काही केलं, ते फुकट करायचा त्याचा इरादा नव्हता, आणि दुसऱ्याने त्याचा फायदा घेतला, तर फायदा घेणाऱ्याने भरपाई द्यायची. कायद्यातच दोन दाखले दिले आहेत. व्यापाऱ्याचा माल चुकून एकाच्या घरी राहिला आणि त्याने तो आपला समजून वापरला, तर पैसे द्यावे लागतील. पण एकाने दुसऱ्याची मालमत्ता आगीतून वाचवली आणि परिस्थितीवरून दिसतं की ते त्याने फुकटच केलं, तर त्याला मोबदला मागता येत नाही.

शेतातलं उदाहरण घ्या. शेजारच्या गड्याने तुमच्या सांगण्यावरून तुमच्या वावरात रोटाव्हेटर मारून दिला. तो भाड्याने ट्रॅक्टर चालवत असेल तर ते काम आहे, पैसे ठरले नव्हते म्हणून फुकट होत नाही. तुम्ही आजारी होता, पेर चुकेल म्हणून तो आपणहून आला असेल, तर तो उपकार आहे. भांडणं होतात ती दोन्हींची सरमिसळ झाल्यावर. एकाने काम समजून केलं, दुसऱ्याने उपकार समजून घेतलं. म्हणून जवळच्या माणसाशीसुद्धा सुरुवातीलाच विचारावं, "भाड्याचं किती द्यायचं?" तो "राहू दे" म्हणाला तर उपकार. आकडा सांगितला तर व्यवहार. दोन्हीत मैत्री टिकते.

गावातली न लिहिलेली बंधनं

सगळी बंधनं कागदावर नसतात, आणि नसलेलीच बरी. ज्याच्याकडे एकच बैल आहे तो दुसऱ्या एक बैलवाल्याशी सावड करतो. आज तुझं वावर, उद्या माझं. याची नोंद कुठेच नसते, तरी कुणी मोडत नाही. इर्जिकीत दहा-बारा जण औतं घेऊन एकाच्या शेतात उतरतात, एका दिवसात काम उरकतं, आणि शेतवाला सगळ्यांना जेवण घालतो. पुढच्या वेळी त्यालाही औत घेऊन जावं लागतं. ‘लागतं’ या शब्दात ‘ऑब्लाइज’ आलं, पण त्याचं ओझं वाटत नाही, कारण दोरी दोन्ही बाजूंनी बांधलेली आहे.

लग्नातली आहेराची वही पाहा. कुणी किती दिले ते नाव टाकून लिहिलेलं असतं. त्यांच्या घरी कार्य निघालं की वही उघडतात आणि तेवढा किंवा थोडा वरचा आहेर करतात. कोर्टात या वहीला किंमत नाही, पण गावात आहे.

फ्रेंच भाषेतून आलेला ‘नोब्लेस ओब्लीज’ असा एक शब्दप्रयोग इंग्रजीत वापरतात. मोठेपण आलं की त्याचं बंधनही आलं, असा त्याचा भाव. गावच्या पंक्तीत यजमान सगळ्यांत शेवटी जेवतो, त्यालाही बहुतेक हेच म्हणता येईल.

एकतर्फी उपकार मात्र माणसाला मिंधा करतो. निवडणुकीच्या आधी कुणी देवदर्शनाला गाडी पाठवतो, कुणी दवाखान्याचं बिल भरतो. मदत खरी असेल, गरजही खरी असते. पण मत मागताना तो उपकार आठवून दिला, की समजावं दोरी कशासाठी होती.

लक्षात ठेवायचं ते थोडक्यात

१) कार्यालयात अर्ज देताना आधी विचारा, ही सेवा देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे का? असेल तर पोच आणि मुदत मागा.

२) सही करताना विचारा, हा उपकार माझ्यावर बंधन होऊन येईल का? रक्कम किती, मुदत किती, कोऱ्या जागा भरल्या आहेत का, आणि कागदाची प्रत मिळेल का, हे पाहिल्याशिवाय सही करू नका. ज्याचं कर्ज आपल्याला फेडता येणार नाही, त्याला जामीन राहू नये.

३) शेजाऱ्याने काम केलं तर ते भाड्याचं की आपुलकीचं, हे त्याच दिवशी ठरवा.

४) खरोखर उपकार झाले असतील तर मोकळ्या मनाने आभार माना. बांधील राहा, मिंधे होऊ नका.

मामांचा पहिला अर्ज तसाच पडून राहिला होता. पंधरा-वीस दिवसांनी ते पुन्हा आले. या वेळी मी दुसरा अर्ज लिहिला. त्यात मन द्रवायचं काही नव्हतं. आधीच्या अर्जाची तारीख, लोकसेवा हक्क कायद्याचं नाव आणि पोच मिळावी अशी विनंती, एवढंच. मामांनी वाचायला लावला आणि म्हणाले, "लई कडक झालं का रे? साहेबाला राग तर यायचा नाही ना?"

पोच मिळाली, आणि नंतर दाखलाही मिळाला. नातीचा प्रवेश झाला. मामा सांगत होते, दाखला हातात घेताना त्यांनी साहेबाला दोन्ही हात जोडले. मी म्हटलं, "मामा, त्याचं कामच होतं ते." मामा म्हणाले, "व्हय, काम त्याचंच होतं. पण हात माझे आहेत, जोडले तर काय बिघडलं?"

हेही बरोबरच आहे. पोच घेतल्यावर हात जोडायला हरकत नाही.